पाटी कुणी लावायची?

टेक्सासमध्ये लेकाकडे चार-सहा महिने राहून आलेल्या मराठी आईवडिलांना तिथल्या दुकानांच्या दारावरची एक पाटी हमखास आठवते. पिस्तुलावर तिरकी रेघ मारलेलं चित्र नव्हे. ते परवानाधारकापुढे तिथल्या कायद्यानं पुरेसं ठरत नाही. ही पाटी म्हणजे कायद्याचा अख्खा परिच्छेद असतो. दंडसंहितेचं कलम 30.06, परवान्याचा कायदा कुठल्या प्रकरणात आहे तो तपशील, आणि मग परवाना असलेल्या माणसानंही लपवलेलं पिस्तूल घेऊन इथे येऊ नये अशी सूचना. हे सगळं इंग्रजीत आणि पुन्हा स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, उठून दिसेल अशा रंगात. (कलमाचा आकडा आणि तिकडच्या एका प्रसिद्ध शिकारी काडतुसाचं नाव एकच असल्यामुळे टेक्सासची माणसं त्यावर अजून विनोद करतात.) पाटी लावायची की नाही हे मालकानं ठरवायचं. मालमत्ता त्याची, धंदा त्याचा, तेव्हा निर्णयही त्याचाच, आणि अमेरिकेत हे असंच चालत आलंय, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तो इतिहासाला धरून नाही. ज्या काळाला आपण सिनेमामुळे बंदुकांचा सुकाळ समजतो, त्या काळात हा निर्णय एकेकट्या दुकानदारावर सोडलेला नव्हता. तो गावाचा निर्णय होता. दुकानदाराच्या गळ्यात तो पडला गेल्या तीसेक वर्षांत, आणि पडला म्हणण्यापेक्षा राज्यांच्या विधिमंडळांनी तो अडकवला म्हणणं जास्त बरोबर होईल.

लपवलेल्या हत्याराबद्दलची चीड अमेरिकेत फार जुनी आहे. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी 1813 सालीच लपवून हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं. केंटकीच्या कायद्यात खिशातलं पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा आणि काठीत दडवलेली तलवार अशी यादीच होती. प्रवासाला निघालेल्याला तेवढी सूट. 1822 मध्ये तिथल्या न्यायालयानं हा कायदा राज्यघटनेविरुद्ध ठरवला, तर केंटकीनं 1850 च्या नव्या राज्यघटनेत अशा बंदीची सोय करून घेतली. त्याच वर्षी लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानं उघडपणे हत्यार बाळगणं मर्दपणाचं आणि लपवून बाळगणं दगाबाजीचं, असा भेद केला. यामागे दक्षिणेतल्या जमीनदारांची मानापमानाची कल्पना होती: ज्याला भांडायचंय त्यानं समोरासमोर भांडावं, कोटाच्या आत हात घालून नव्हे. हा भेद लक्षात ठेवायला हवा, कारण दीडशे वर्षांनी दुकानदारांनी तो नेमका उलटा केला.

पण खरी मजा कॅन्ससमधल्या गुरांच्या बाजारगावांत आहे. 1867 मध्ये जोसेफ मकॉय नावाच्या व्यापाऱ्यानं ॲबिलीन गावी रेल्वेलगत गुरांचे कोंडवाडे बांधले आणि टेक्सासमधून शेकडो मैल हाकत आणलेली गुरं तिथून पूर्वेकडच्या खाटीकखान्यांकडे जाऊ लागली. काही महिने रानात काढलेल्या, हातात एकरकमी मजुरी पडलेल्या आणि कमरेला पिस्तूल असलेल्या तरुण पोरांचे जथे गावात उतरत. गावच्या व्यापाऱ्यांना त्यांचे पैसे हवे होते; टोपी, बूट, दारू, जुगार, आंघोळ, सगळं त्यांच्या जिवावर चालणारं. पण त्याच वेळी या व्यापाऱ्यांना पूर्वेकडचं भांडवल आणि कुटुंबवत्सल रहिवासीही हवे होते. पोरांना हाकलावं तर हंगाम बुडतो, मोकळं सोडावं तर गाव बदनाम होतं. त्यांनी काढलेला तोडगा सरळ होता. ॲबिलीननं 1870 मध्ये टॉम स्मिथ नावाचा मार्शल नेमून गावात हत्यार बाळगण्याची बंदी अमलात आणली. विचिटाच्या वेशीवर पाटी लागली की रिव्हॉल्व्हर पोलीस कचेरीत जमा करा आणि बिल्ला घ्या. डॉज सिटीच्या फ्रंट स्ट्रीटवर बंदुका बाळगण्यास सक्त मनाई असल्याचा फलक होता, आणि एका जुन्या छायाचित्रात त्याच फलकाला जोडून कुठल्याशा पाचक कडू औषधाची जाहिरात दिसते. फलकही फुकट जाऊ न देणारी ही माणसं होती. नियम करणारे कोण, तर हेच. डॉज सिटीचा एक महापौर जेम्स केली गुत्त्याचा मालक, दुसरा रॉबर्ट राइट मोठा दुकानदार. म्हणजे मालकांनीच ठरवलं, पण आपापल्या दारापुरतं नाही. सगळ्यांनी मिळून, गावाच्या नावानं आणि गावाच्या खर्चानं. याचा फायदा उघड आहे. एकट्या गुत्तेवाल्यानं हत्यारबंदी केली असती तर गिऱ्हाईक शेजारच्या गुत्त्यात गेलं असतं. सगळीकडेच बंदी, तर जाणार कुठे? हत्यार परत मिळणार हे ठाऊक असल्यामुळे ते सोडून देण्यात अपमानही नव्हता. आपल्याकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, त्या पद्धतीशी नातं सांगणारीच ही पद्धत. फरक इतकाच की इथे हंगाम मतांचा, तिथे गुरांचा.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालायची हे ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी 26 ऑक्टोबर 1881 ला घडलेल्या चकमकीच्या जबान्यांत फार जवळून दिसतं. चांदीच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या या गावानं त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नववा नियम केला होता: गावाच्या हद्दीत प्राणघातक हत्यार बाळगायचं नाही, नुकतंच गावात आलेल्यानं किंवा निघालेल्यानं हत्यार ठेवायच्या जागी सरळ जावं आणि यावं, तेवढीच मुभा. ती ठेवायची जागा म्हणजे प्रामुख्यानं हॉटेलांची आणि गुत्त्यांची गल्ल्यामागची जागा. त्या दिवशी सकाळी आइक क्लँटन रायफल आणि पिस्तूल घेऊन गावात धमक्या देत हिंडत होता. मार्शल व्हर्जिल अर्पनं त्याच्या डोक्यात पिस्तूल हाणून त्याला पकडलं, न्यायाधीशानं 25 डॉलर दंड केला आणि त्याची हत्यारं ग्रँड हॉटेलात ठेवली गेली. आइकचा साथीदार टॉम मॅक्लॉरी यानं आपलं पिस्तूल दुपारी कॅपिटल सलून या गुत्त्यात जमा केलं. ते आपण ठेवून घेतल्याची जबानी गुत्तेवाला अँडी मेहान यानं नंतर चौकशीत दिली. थोड्या वेळानं अर्प बंधू आणि डॉक हॉलिडे टॉमसकट पाच जणांना नि:शस्त्र करायला म्हणून गेले, तीसएक सेकंदांत तीसएक गोळ्या सुटल्या आणि टॉम, त्याचा भाऊ फ्रँक आणि आइकचा धाकटा भाऊ बिली असे तिघे मेले. टॉमजवळ त्या क्षणी दुसरं हत्यार होतं की नव्हतं यावर तेव्हापासून वाद आहे, आणि त्या वादातला सगळ्यात ठोस कागद म्हणजे त्या गुत्तेवाल्याची साक्ष. हत्यारं सांभाळणं हा व्यापाऱ्याचा उपकार नव्हता. तो गावच्या नियमाचाच एक भाग होता, इतका की खुनाच्या चौकशीत त्याला उभं केलं गेलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग बंदीनं काय साधलं? टूमस्टोनची चकमक बंदी बजावायला गेल्यामुळेच झाली ना? झाली, हे खरंच. महिनाभराची सुनावणी आटोपल्यावर न्यायाधीश वेल्स स्पायसर यांनी खटला चालवण्याजोगा गुन्हा नाही म्हणून अर्पना सोडलं, पण भाऊ वाइट आणि हॉलिडे यांना मदतीला बोलावणं शहाणपणाचं नव्हतं असं व्हर्जिलला सुनावलंही. पण ही चकमक गाजली ती विरळा होती म्हणून. इतिहासकार रॉबर्ट डायक्स्ट्रा यांनी कॅन्ससच्या पाच बाजारगावांतले 1870 ते 1885 मधले खून मोजले तेव्हा एकूण 45 निघाले, म्हणजे गावाला एका हंगामात सरासरी दीड. यावरही दुसऱ्या बाजूचं उत्तर तयार असतं, आणि ते निकालात काढण्यासारखं नाही. हजार वस्तीच्या गावात वर्षाला एक खून म्हणजे लाखामागे शंभर. आजच्या कुठल्याही अमेरिकन शहराला लाज वाटावी असं प्रमाण. मला वाटतं दोन्ही आकडे खरे धरूनच विचार करावा. ही गावं सुरक्षित नव्हती. बंदीमुळे ती सुरक्षित झाली असं सिद्ध करणंही अवघड आहे. पण माझा मुद्दा खुनांच्या दराचा नाहीच. ज्यांचा धंदा पणाला लागला होता, त्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट आपल्या एकट्याच्या दारावर निभावणार नाही हे कळलं होतं, एवढं या इतिहासातून नक्की दिसतं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. हत्यारबंदीचे हे कायदे सगळ्यांना सारखे लागू होते का? नव्हते. टेक्सासचा 1871 चा कायदा पिस्तूल बाळगायला बंदी करताना स्वतःच्या आवारात आणि स्वतःच्या धंद्याच्या जागी मात्र सूट देत होता. म्हणजे गल्ल्याखाली मालकाचं पिस्तूल चालेल, गिऱ्हाइकाच्या कमरेला नाही. ही सूट एक वेळ समजण्यासारखी. पण दक्षिणेत या कायद्यांची धार कुणाच्या अंगावर चालायची हे 1941 मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती बुफर्ड यांनी स्वतःच्या निकालपत्रात लिहून ठेवलं आहे: 1893 चा कायदा झाला तो कृष्णवर्णीय मजुरांना नि:शस्त्र करण्यासाठी, गोऱ्यांना तो लागू करायचा हेतू कधीच नव्हता. आपल्याकडच्या 1878 च्या शस्त्र कायद्यातून युरोपियनांना सूट होती, तेव्हा मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. म्हणून गावाचा निर्णय हा आपोआप न्याय्य निर्णय असतो असं मी म्हणणार नाही. निर्णय सार्वजनिक असला की त्याचा अन्यायही सार्वजनिक नोंदीत सापडतो आणि त्याच्याशी भांडता येतं, इतकंच.

आता 1991 कडे येऊ. 16 ऑक्टोबरला टेक्सासमधल्या किलीन गावी लूबीज नावाच्या खानावळीत एकानं आपली गाडी काच फोडून आत घातली आणि 23 जणांना गोळ्या घालून मारलं. सुझाना हप यांचे आईवडील त्यात गेले. त्यांचं स्वतःचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण ते पर्समध्ये लपवून नेणं 1871 पासून चालत आलेल्या बंदीखाली गुन्हा होता. त्यांनी राज्याराज्यांत जाऊन साक्ष दिली. पुढे त्या स्वतः टेक्सासच्या विधिमंडळात निवडून आल्या. फ्लोरिडानं 1987 मध्येच अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देण्याचा कायदा केला होता. टेक्सासमध्ये राज्यपाल ॲन रिचर्ड्स यांनी 1993 मध्ये या विषयावर सार्वमत घेण्याचं विधेयक नाकारलं, त्या निवडणूक हरल्या, आणि 1995 मध्ये जॉर्ज बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली. सव्वाशे वर्षांची सार्वजनिक बंदी उठली. बंदी उठवायची, पण तिची झळ आमदारांना लागू द्यायची नाही, यासाठी 1997 मध्ये कलम 30.06 आलं: ज्याला नको असेल त्या मालकानं पाटी लावावी. ‘पाटीनं खुनी थोडाच थांबतो’ हा हप यांच्या बाजूचा युक्तिवाद इथे नेहमी पुढे येतो, आणि तो बरोबर आहे. ठरवून आलेला खुनी पाटी वाचत नाही. पण डॉज सिटीचा फलकही त्याच्यासाठी नव्हता. तो होता पत्त्यांच्या डावावर, दारूच्या चौथ्या पेल्यावर हातघाईवर येणाऱ्या भल्या माणसासाठी. दोन वेगळ्या माणसांसाठीचे उपाय एकाच तराजूत घातले की वाद कधीच संपत नाही, आणि तसा तो संपलेला नाही.

मालकाचं स्वातंत्र्य एवढं पवित्र असेल तर राज्यांनी ते वापरणं सोपं केलं असतं. केलं उलट. मिनेसोटाच्या 2003 च्या कायद्यात पाटीचा टंक काळा एरियल, अक्षरं किमान दीड इंच, मागचा पृष्ठभाग ठळक रंगाचा आणि किमान 187 चौरस इंच, इथपर्यंत तपशील आहे. विस्कॉन्सिननं 2011 मध्ये त्याहून पुढे जाऊन ठरवलं की जो मालक हत्यारबंदी करत नाही त्याला त्या निर्णयातून उद्भवणाऱ्या कोणत्याही नुकसानभरपाईपासून संरक्षण मिळेल. बंदी करणाऱ्याबद्दल असं काही लिहिलेलं नाही. म्हणजे गप्प बसणाऱ्याला बक्षीस. आणि जिथे राज्याला स्वतःला निर्णय घ्यायचा असतो तिथे ते मालकाला विचारतही नाही: टेक्सासमध्ये ज्या जागेचं 51 टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येतं, तिथे पिस्तूल न्यायला बंदीच आहे आणि त्यासाठी लाल आकड्यांची वेगळी पाटी आहे. गुत्त्याच्या बाबतीत राज्याला 1881 चं शहाणपण आठवतं, किराणा दुकानाच्या बाबतीत मालमत्तेचा हक्क आठवतो. ही विसंगती अपघाती नाही.

दुकानदारांनी यावर काय केलं? बहुतेकांनी काहीच नाही, आणि मोठ्या साखळ्यांनी मधला मार्ग काढला. सप्टेंबर 2013 मध्ये स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी गिऱ्हाइकांना जाहीर पत्र लिहून कॉफीच्या दुकानांत बंदुका आणू नका अशी विनंती केली, आणि ही बंदी नव्हे हेही त्याच पत्रात सांगून टाकलं. 2015 मध्ये टेक्सासनं उघड पिस्तूल बाळगायला परवानगी देताच व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांनी कळवलं की उघड नको. परवान्यासह लपवलेलं असेल तर हरकत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात 23 जणांचा जीव गेला. महिन्याभरानं वॉलमार्टनं घेतलेली भूमिकाही तीच, उघडपणे आणू नका. लुइझियानाच्या 1850 च्या न्यायाधीशांना हे वाचून फेफरं आलं असतं. त्यांच्या लेखी उघडं हत्यार सभ्य आणि लपवलेलं हलकट होतं. आता लपवलेलं सभ्य आणि उघडं धंद्याला बाधक. तत्त्व बदललं नाही, तत्त्व उरलंच नाही. गल्ल्यावर बसलेल्याला एवढंच हवंय की इतर गिऱ्हाइकं बिचकू नयेत आणि बंदूकवाला गिऱ्हाईकही तुटू नये. दोष मी दुकानदाराला देणार नाही. जो प्रश्न गावानं सोडवायचा तो एकट्या दुकानदाराला सोडवायला लावला तर तो दुकानदारासारखाच सोडवणार.

शिवाय हे स्वातंत्र्य दाराशीच संपतं, वाहनतळापर्यंतही पोचत नाही. 2002 मध्ये ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट इथल्या वेअरहाउझर कागद गिरणीनं गाड्यांत बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढून टाकलं. त्यावर ओक्लाहोमानं 2004 मध्ये कायदा केला की कुलूप लावलेल्या गाडीत बंदूक ठेवायला मालक मनाई करू शकत नाही. कंपन्या न्यायालयात गेल्या, खालच्या न्यायालयात 2007 मध्ये जिंकल्या आणि 2009 मध्ये वरच्या न्यायालयात हरल्या. मालमत्तेच्या हक्काचा जप करणारी तीच विधिमंडळं, मालकानं हक्क बंदुकीविरुद्ध वापरला की लगेच तो हक्क आखडता घेतात.

त्यामुळे आता सगळा झगडा एका प्रश्नावर येऊन ठेपला आहे: मालक गप्प असेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्याकडे मौन म्हणजे संमती. टेक्सासमध्येही. सर्वोच्च न्यायालयाच्या जून 2022 च्या ब्रूएन निकालानंतर परवाने सैल करावे लागलेल्या न्यूयॉर्क आणि हवाई या राज्यांनी उलटा नियम केला: मालकानं स्पष्ट होकार दिल्याशिवाय दुकानात पिस्तूल नाही. न्यूयॉर्कचा नियम, लोकांना खुल्या असलेल्या जागांपुरता, न्यायालयात अडला. हवाईचा 2024 मध्ये टिकला आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वुलफर्ड विरुद्ध लोपेझ या नावानं तो सुनावणीला घेतला. ब्रूएननुसार अशा कायद्याला इतिहासातला दाखला लागतो, आणि हवाईच्या बाजूनं सापडलेल्या सर्वांत जवळच्या दाखल्यांपैकी एक आहे लुइझियानाचा 1865 चा: मालकाच्या संमतीवाचून कुणाच्या आवारात किंवा मळ्यावर बंदूक नेऊ नये. तो कायदा अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर सहा-आठ महिन्यांत, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना वेसण घालणाऱ्या कायद्यांच्या लाटेत झाला. ती माणसं राहायची आणि राबायची गोऱ्यांच्याच मळ्यांवर; तेव्हा मालकाची संमती म्हणजे जुन्या धन्याची परवानगी. हवाईच्या वकिलांनी हा दाखला वापरावा याची मला अडचण वाटते, आणि त्यांच्या विरोधकांनी त्यावर बोट ठेवलं ते योग्यच केलं. पण दाखला गैरसोयीचा का निघाला, हेही बघायला हवं. दुकानाच्या मालकाची संमती हा मुद्दा त्या काळात फारसा कायद्यात आलाच नाही, कारण दुकानं ज्या गावांत होती त्यांनी वेशीवरच निकाल लावला होता. जुनी सार्वजनिक बंदी ब्रूएननंतर जवळपास अशक्य झाल्यामुळेच राज्यांना मळ्यांच्या कायद्यात दाखले हुडकावे लागताहेत.

या सगळ्यात ज्याच्यावर प्रसंग येतो तो बहुधा मालक नसतोच. टेक्सासमध्ये पाटी असूनही लपवलेलं पिस्तूल घेऊन परवानाधारक आत आला तर त्याला जास्तीत जास्त 200 डॉलर दंड होतो. मात्र कुणी तोंडी सांगूनही तो बाहेर गेला नाही, तर गुन्हा वरच्या श्रेणीचा होतो आणि वर्षभराच्या तुरुंगवासापर्यंत जातो. हे तोंडी सांगायचं काम रात्रपाळीला गल्ल्यावर उभ्या असलेल्या, तासावर पगार घेणाऱ्या पोराकडे येतं, आणि पाटी लावायची की नाही हे ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नसतं.